रस्त्याला किती घोडे लागतात

३ मार्च, सोमवार

काल भाऊजी आले होते. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग मुद्द्यावर आले. "वहिनी, दादाची गाडी शेडमध्ये नुसती उभी आहे. उभ्या गाडीला गंज चढतो. मला द्या. घरातली घरातच राहील."

बोलणं वावगं नव्हतं. नवऱ्याला जाऊन चार महिने झाले. बंदरात क्रेनची शिडी उतरला, शेवटच्या पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. तेव्हापासून गाडीवर कव्हर आणि कव्हरवर धूळ. एक हजार सीसी, एकशे दहा हॉर्सपॉवर. भाऊजींकडे तशीच आहे. सात वर्षांपूर्वी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, भाऊजींनीच मागे लागून त्याला ती घ्यायला लावली. "माणसाच्या हाताखाली शंभर तरी घोडे हवेत, नाहीतर रस्त्यावर जायचंच कशाला," असं तेव्हा म्हणाले होते.

'हो, न्या' म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "मी शिकणार आहे ती चालवायला."

भाऊजी हसले. मुलगी हसली नाही. तिच्या हातातला चमचा खाली पडला. "आई, देऊन टाक ना काकांना. कशाला हवी आपल्याला?" तिचा आवाज जरा चढलाच. बावीस वर्षांची झाली तरी काय कुठे बोलावं ते कळत नाही.

मग भाऊजी म्हणाले, "ती पालीची गोष्ट सांगा ना वहिनी, पुष्कळ दिवस झाले." सांगितली. चाळीस टनांचा कंटेनर बशीवर कप ठेवावा तसा ट्रकवर ठेवणारा माणूस, आणि भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर. मी झाडू घेऊन येईपर्यंत खाली उतरायची तयारी नाही. शंभरदा सांगितली असेन. तो समोर असला की तोही हसायचा. काल भाऊजी आणि मी पोट धरून हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

४ मार्च, मंगळवार

कव्हर काढलं. गाडीचं वजन दोनशे तीस किलो, माझं चोपन्न. स्टँडवरून सरळ करून बघितली. तीन इंच उचलली आणि परत टेकवली. चालू मात्र केली. शेडचा पत्रा थरथरला, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका खिडकीत आल्या. मी हात केला, जसं काही रोजचंच आहे.

दर रविवारी सहाला निघायचा, बाराला परत. दोनशे किलोमीटर झाले म्हणायचा. चेहरा असा धुतल्यासारखा व्हायचा त्याचा. मी दोनतीनदा म्हटलं, मलाही ने. तर म्हणे मागची सीट अरुंद आहे, तुझी पाठ धरेल. मग मी विचारणं सोडलं. सव्वीस वर्षं एका घरात राहून त्याचे सहा तास मला कधी दिसले नाहीत. ते काय होतं हे मला बघायचं आहे. एवढंच. यात वेड्यासारखं काय आहे?

मुलगी सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

९ मार्च, रविवार

शिकवणीचा पहिला दिवस. लायसन्स कॉलेजच्या काळातलं आहे, दरवेळी नवं करून घेतलं, पण गिअरची गाडी तेव्हाही फारशी चालवली नव्हती; नंतर आयुष्यभर स्कूटर. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, केस तोकडे कापलेले, बोलणं त्याहून तोकडं. बंद पडलेल्या गोदामाच्या फरशीवर शिकवतात. मी थेट हजार सीसीचं नाव काढलं तर म्हणाल्या, "ती घरी राहू द्या. आधी ही दीडशेची. ही रागावत नाही."

अकरा वेळा बंद पाडली. मोजलं, कारण मोजायची सवय आहे. बाराव्या वेळी क्लच सोडता सोडता एका जागी गाडी पुढे सरकल्यासारखं करते ते बोटांना कळलं.

घरी येऊन हाताला बाम लावला. मुलगी म्हणाली, "किती दिवस चालणार हे?" मी म्हटलं, जमेपर्यंत. ती म्हणाली, "आणि नाही जमलं तर?"

बापाचा एकही गुण घेतला नाही या मुलीने. त्याच्यात हिंमत तरी होती.

१३ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. आज बॉयलरचे चोवीस प्रेशर गेज आले तपासायला. आमचं काम सोपं असतं: खऱ्या दाबाशी काटा जुळतो की नाही ते बघायचं, जुळला तर सर्टिफिकेट, नाही तर लाल चिठ्ठी. आजच्या चोविसात एक असा निघाला की त्याचा काटा शंभरापर्यंत जातो, पण ज्या बॉयलरवर तो बसवला होता तो दहाच्या वर कधी गेलाच नव्हता. साहेब म्हणाले, "एवढा मोठा कशाला बसवला असेल?" मी म्हटलं, बघायला भारी दिसतो म्हणून.

दिवसभर हाताची बोटं टेबलाखाली क्लच दाबत होती.

१६ मार्च, रविवार

आज तिसऱ्या गिअरपर्यंत. गोदामाच्या कोपऱ्यावर वळताना बाई ओरडल्या, "खाली बघू नका, जायचं तिकडे बघा." बघितलं, आणि गाडी आपण होऊन वळली. एवढं सोपं असेल तर लोक पडतात कशाला, असं मनात आलं.

नंतर टपरीवर चहा. मी विचारलं, "रस्त्यावर मजा यायला किती घोडे लागतात?"

बाईंनी थोडा विचार केला. "मी चाळीस वापरलेत, दीडशेही वापरलेत. रस्त्याला वीस पुरतात. बाकीचे गप्पांना."

मी म्हटलं, माझे मिस्टर एकशे दहा वापरायचे, सात वर्षं, दर रविवारी.

"मग ते फार चांगले चालवत असणार," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. घरी येऊन मुलीला सांगितलं. तिने मान हलवली आणि आंघोळीला गेली. संध्याकाळची आंघोळ कधीपासून सुरू झाली कोण जाणे.

२३ मार्च, रविवार

भाऊजी गाडीत हवा भरायला घेऊन गेले. परत आले तर बराच वेळ मागच्या चाकापाशी उकिडवे बसून राहिले. टायरच्या कडेवरून बोट फिरवत होते. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते कडेला अजून तसेच होते. मध्ये मात्र पट्टा झिजलेला.

"दादा वळणावर गाडी झोपवायचाच नाही की काय?" म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे… जपून वापरायचा."

होताच तसा. चपलासुद्धा चार चार वर्षं वापरायचा.

२५ मार्च, मंगळवार

आज मीटर वाचलं. इतके दिवस कसं सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं. दिवसाला चाळीस काटे वाचणारी बाई मी.

१३,३००.

सात वर्षं. आजारपणं, लग्नकार्य, रजा नसलेले रविवार वगळून साडेतीनशे तरी धरू. साडेतीनशे रविवार, दोनशे किलोमीटर. सत्तर हजार व्हायला हवेत. झालेत तेरा हजार तीनशे. रविवारी अडतीस.

अडतीस म्हणजे एकोणीस जाणं, एकोणीस येणं. आणि सहा तास.

तीनदा भागाकार केला. मग पेन्सिलने कागदावर केला. आकडा बदलत नाही.

एकोणीस किलोमीटरवर कोण राहतं?

२९ मार्च, शनिवार

आधी काटा तपासावा, मग माणूस. ऑफिसात नव्या मुलींना मीच शिकवते हे.

बाईंना म्हटलं, मोठी काढायची आहे, तुम्ही मागून या. त्या नको म्हणत होत्या. मी म्हटलं, तुम्ही आला नाहीत तर एकटी जाईन. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर काढली. पहिल्या गिअरमध्ये जरा रेस दिली तर गाडीने मला मागे टाकून जायचा प्रयत्न केला. हात पुढे, मी मागे. मग मुंगीच्या पावलाने दहा दगड मोजले, दर किलोमीटरला थांबून आकडा लिहिला. दहा दगडांना दहा किलोमीटर. शंभर मीटरचाही फरक नाही.

मीटर खरं बोलतंय.

बाई म्हणाल्या, "झालं समाधान?" मी हो म्हटलं. समाधान म्हणजे काय असतं हे त्या बाईंना माहीत नसावं.

३० मार्च, रविवार

नकाशा आणला. मुलीचा जुना कंपास काढला आणि घराभोवती एकोणीस किलोमीटरचं वर्तुळ काढलं. वर्तुळावर सात गावं येतात, एक तलाव आणि एक विटांचा कारखाना.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. "हे काय करतेस?"

"तुझा बाबा कुठे जायचा ते शोधते."

ती नकाशाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं काही बोलेल. म्हणाली, "तो गेला ना आई. आता कुठे जायचा याने काय होणार आहे?"

असं तेच बोलतात ज्यांच्या नवऱ्याने सात वर्षं थापा मारलेल्या नसतात.

त्याच्या शर्टांचा वास घेऊन बघितला. लिहायला लाज वाटते, पण बघितला. कपाटाचा वास येत होता.

६ एप्रिल, रविवार

पूर्वेकडच्या दोन गावांना जाऊन आले. एकटी. काय शोधायचं हे ठाऊक नव्हतं. चौकात गाडी लावायची आणि बघत बसायचं. एखादी बाई गाडी ओळखेल, चेहरा पडेल, असं काहीतरी. कोणाचा चेहरा पडला नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मुलाची का?"

पण लिहायचं ते वेगळंच आहे. परत येताना लांबलचक सरळ रस्ता लागला, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. तिसऱ्या गिअरमध्ये मनगट वळवलं. सगळं नाही, निम्मंसुद्धा नसेल. झाडं, खांब, रस्ता सगळं एकदम तोंडावर आलं. पोट मागे राहिलं. मी ओरडले, हेल्मेटमध्ये, काय ओरडले आठवत नाही. नवरा नाही, ती बाई नाही, आकडे नाहीत, काहीच नाही. चार सेकंद. मग लांबवर ट्रक दिसला आणि मी सोडलं, आणि सगळं जागच्या जागी परत आलं.

चार सेकंदांसाठी एवढं मोठं यंत्र. आणि तरी उद्याच परत जावं असं वाटतंय. घरात बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, खिडकी उघडते, लावते. मुलगी म्हणाली, "आई, बस ना एका जागी." बसले. पाय हलत होता.

१४ एप्रिल, सोमवार

काल पडले.

उत्तरेकडच्या तिसऱ्या गावाच्या अलीकडे वळण आहे, त्यावर बारीक खडी सांडलेली. दिसली. मी खडीकडे बघत राहिले आणि गाडीही तिकडेच गेली. वेग फार नव्हता, म्हणून हे लिहिते आहे. घाबरून पुढचा ब्रेक धरला आणि दोनशे तीस किलो माझ्या डाव्या पायावर. शेतातून दोघं पळत आले, त्यांनी उचलली. घोटा सुजून भोपळा झाला. हाड शाबूत आहे म्हणाले डॉक्टर.

मुलगी दवाखान्यात आली ती आरडाओरडा करतच. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. "मेली असतीस म्हणजे? मी काय करायचं मग? बाबा तरी निदान…" आणि थांबली.

"निदान काय?"

डोळे पुसत बसली.

म्हणजे हिला माहीत आहे. ती कोण बाई आहे ते हिला माहीत आहे. पोटच्या पोरीने त्याची बाजू घेतली, इतकी वर्षं. पायापेक्षा ते जास्त ठणकतंय.

१६ एप्रिल, बुधवार

सरळ विचारलं. "नाव सांग तिचं."

"कोणाचं?"

"एकोणीस किलोमीटरवाल्या बाईचं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी मराठीत बोलले की नाही याची मलाच शंका आली. मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मला थोबाडीत मारावीशी वाटली तिच्या. शेवटी म्हणाली, "रविवारी नेते तुला. बसने जाऊ. तोवर त्या गाडीला हात लावणार नाहीस, शप्पथ घे."

"आत्ता का नाही सांगत?"

"मी बाबांना वचन दिलंय, सांगणार नाही म्हणून. दाखवणार नाही असं म्हटलेलं नाही."

चार दिवस. काट्यांवर लक्ष नाही. आज एका चुकीच्या गेजला सर्टिफिकेट देता देता राहिले.

२० एप्रिल, रविवार

ती बाई नव्हती. तो एक मिस्त्री होता, सत्तरीचा, दात कमी, बोटं काळी, वर्तुळावरच्या पाचव्या गावाबाहेर पत्र्याची शेड. मला बघून उठून उभा राहिला. मुलीला म्हणाला, "आणलंस का शेवटी." मला म्हणाला, "बसा बाई. वाटच बघत होतो. क्रेनवाले गेल्याचं हिच्याकडून कळलं. यायचं होतं, पण कोण म्हणून आलो असतो?"

मग शेडच्या मागच्या बाजूने एक मोटारसायकल ढकलत आणली. लहानशी. एकशे पंचवीस सीसी, रंग उडालेली, टाकीला पोचा, पण साखळीला तेल आणि सीटवर धुळीचा कणसुद्धा नाही.

"ही त्यांची," म्हणाला. "दहा घोड्यांची. त्यातला एखादा मेला असेल."

मला कळेना. मिस्त्रीने सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण नंतर मी त्यात फेरफार करीन.

"मोठी गाडी घेतल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी आले. म्हणाले, इंजिनात आवाज येतोय. मी चालवून बघितली, आवाज काही नव्हता. सांगितलं तसं. तर बसूनच राहिले. चहा दिला, कप हातात नीट राहीना. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'मिस्त्री, मी ही परत घरी कशी नेऊ?' तोंडावरनं रंग गेलेला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही तर क्रेन चालवता. म्हणाले, 'क्रेन मी चालवतो. ही मला चालवते.' ही धाकटी गाडी तेव्हा माझ्याकडे विकायला पडून होती. म्हटलं, हिच्यावर एक चक्कर मारून या, हात मोकळा होईल. गेले ते चार तासांनी उगवले. शिट्टी वाजवत."

मग दर रविवारी मोठी शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवायची आणि धाकटी घेऊन जायचं. दुपारी मोठीवर बसून हळूहळू घरी. एकोणीस किलोमीटर, त्यात एकही मोठं वळण नाही. मिस्त्री म्हणाला, तेवढ्यालासुद्धा निघताना पाणी पिऊन निघायचे.

मुलगी सोळाची असताना हट्टाने त्याच्या मागे बसून गेली, तेव्हा तिला कळलं. धाकटीवर दोघं मिळून तलावापर्यंत जाऊन आले. ती म्हणाली, "आई, मला तो दिवस अजून सगळा आठवतो. रस्त्यात जो दिसेल त्याच्याशी बाबा बोलत होता. म्हशींशीसुद्धा."

मी मीटर वाचलं. एकसष्ट हजार. घेतली तेव्हा नऊ हजारावर होती, मिस्त्री म्हणाला. बावन्न हजार भागिले साडेतीनशे, दीडशेला थोडं कमी, वर मोठीचे अडतीस. घरी दोनशे सांगायचा. म्हणजे थाप पंधराचीसुद्धा नाही.

"विकून का नाही टाकली मग ती मोठी?" मी विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

मिस्त्री हात पुसत राहिला. "मी म्हणायचो त्यांना. तर म्हणायचे, नको, घरी कळलं तर गोष्ट होईल."

गोष्ट होईल म्हणजे काय, मी विचारलं. मिस्त्रीने मुलीकडे बघितलं. मुलगी शेडच्या बाहेर बघत होती.

२१ एप्रिल, सोमवार

रजा टाकली. पाय दुखतोय हे कारण खरंच आहे.

सात वर्षं. पहाटे उठून त्याला डबा दिला. जपून जा म्हटलं. आणि हा एकोणीस किलोमीटर भीत भीत जायचा, भीत भीत यायचा, आणि मध्ये माझ्यावाचून सुखात असायचा. बाई असती तर परवडली असती. बाईशी भांडता आलं असतं.

मी काय वाघ होते? मला सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? मी काय केलं असतं? हसले असते. थोडंसं. मग भाऊजींना सांगितलं असतं, तेही हसले असते. मग कोणी घरी आलं की

पुढचं लिहवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ऑफिस. बत्तीस गेज. सगळे बरोबर. घरी आल्यावर मुलीने विचारलं, काय होतंय तुला? म्हटलं, काही नाही.

घरात दोघीच असलो की फार शांत होतं आता. पूर्वी मी बोलायचे आणि ती दोघं ऐकायची. मला वाटायचं त्यांना आवडतं.

२७ एप्रिल, रविवार

भाऊजींना बोलावून चावी दिली. गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे आहेत, ते दाखवले. म्हणाले, "मी म्हटलंच होतं वहिनी. झेपली नाही ना?"

त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न होता. टायरपाशी बसले होते तेव्हापासून होता. विचारलाच. "दादा ही… म्हणजे, नीट चालवायचा ना?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने श्वास धरलेला मला ऐकू आला.

मी म्हटलं, "अहो, त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर चालायची ती. मी मात्र जाम घाबरले. तुम्हाला सांगते भाऊजी, पहिल्या दिवशी चालू केली तर हात असे कापत होते की चहाचा कप धरवेना. खडी बघितली आणि डोळेच मिटून घेतले. पडल्यावर शेतातल्या लोकांना म्हणते कशी, आधी ती बंद करा, मला चावतेय."

भाऊजी हसायला लागले. चावतेय हे मी आयत्या वेळी घातलं. ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. म्हणाले, ही गोष्ट आता सगळ्यांना सांगणार. मी म्हटलं, सांगा. खुशाल सांगा.

ते हसत होते तेव्हा मीही हसत होते, तोंडाने. असं हसताना गाल आतून दुखतात, हे मला माहीत नव्हतं.

मोठी गेली. शेडमध्ये तेलाचा डाग राहिलाय. तिच्यावरच्या त्या चार सेकंदांची आठवण येते, ते खोटं कशाला सांगू. पण ते माझे होते. त्याचे नव्हतेच.

४ मे, रविवार

सूज उतरली. मिस्त्रीकडे गेलो आणि धाकटी काढली. मी पुढे, मुलगी मागे. तिला वाट माहीत होती: विटांच्या कारखान्यावरून डावीकडे, कालव्याकाठी, मग टेकडी.

साठच्या पुढे ती जात नाही. पन्नासला तिचा सूर लागतो, मग तिला तिथेच ठेवायची. सगळ्यांनी आम्हाला मागे टाकलं. टेम्पोने टाकलं, दूधवाल्याने टाकलं. रस्त्याला काय काय असतं ते मला प्रथमच दिसत होतं. एका घराच्या ओट्यावर एक माणूस आरसा टेकवून दाढी करत होता. त्याने आम्हाला वस्तरा हलवून दाखवला. मुलगी म्हणाली, "तो बाबांना ओळखायचा." कालव्याच्या वळणांवर गाडी इकडे झोपते, तिकडे झोपते, मनात आणायचा अवकाश. तिच्यात जेवढं आहे ते सगळं वापरता येतं. सगळं वापरलं तरी ती कोणाला मारणार नाही.

टेकडीच्या शेवटच्या चढाला मात्र तिने मान टाकली. दुसरा, मग पहिला, मग पहिल्यातही धापा. आम्ही दोघी तिला जास्त होतो.

"थांब, मी उतरते," मुलगी म्हणाली, आणि उतरून चालायला लागली.

मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, तिच्या बाजूने. तिची चाल आणि गाडीची चाल एकच झाली. मी म्हटलं, "तू का नाही सांगितलंस मला, सहा वर्षं?"

ती चालत राहिली. चढ होता, तिला धाप लागत होती. "तू हसली असतीस."

"हो," मी म्हटलं.

मग तिने मागच्या सीटवर हात ठेवला, ढकलल्यासारखा, आणि बोलायला लागली. तो कुठे थांबायचा, कोणाशी काय बोलायचा, एकदा पेट्रोल संपलं तर दोघांनी कशी ढकलत नेली, आणि ढकलताना त्याने तिला काय सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. चढ संपून रस्ता सपाट झाला होता. तिच्या लक्षात आलं नाही, आणि मी वेग वाढवला नाही.